वहिनी, गाव चालू करा

आमच्या कुवेतमधल्या, एगैलाच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलाखाली एक गाव होतं. नवऱ्याच्या कंपनीने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर मी मागून आणला होता, त्याच्या पोटात ते चालायचं. वीस-बावीस घरं, मधून वाहणारा व्हाळ, माडांची रांग आणि वरच्या अंगाला देऊळ. दोन हजार सालानंतरची पहिली दहा वर्षं सरत आली होती, तेव्हाची ही गोष्ट. कॉम्प्युटरच्या आत आपली जागा बनवायची, तिथे आपलं एक बाहुलं उभं करायचं आणि दुसरीकडे कुठेतरी बसलेल्या माणसांच्या बाहुल्यांशी गप्पा मारायच्या, हे प्रकरण तेव्हा नवं होतं. त्याचा फुकट मिळणारा प्रोग्राम मला सापडला, आणि मी एका हिवाळ्यात तो शिकले.

लग्नाआधी मी मुंबईत एका आर्किटेक्टकडे कॉम्प्युटरवर नकाशे काढायची. कुवेतला आले आणि ते सुटलं. माझ्या अकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, मी अमक्याची बायको आहे एवढंच लिहिलेलं होतं, आणि नोकरी करायची परवानगी नव्हती. नवरा सकाळी सहाला शुऐबाच्या प्लांटकडे जाणाऱ्या बसमध्ये बसायचा, मुलगी शाळेत जायची, आणि मी दुपारपर्यंत भिंतींशी बोलायची. त्यामुळे हे गाव बांधताना मी काय मजेत होते ते मलाच माहीत.

गाव कुणा एकाचं नव्हतं. आमच्या ओळखीची जी काही कोकणातली माणसं होती, त्या प्रत्येकाने आपापल्या घराचा फोटो आणून दिला. कुटुंबवाले थोडे. बाकी सगळे शुऐबाला कंत्राटावर आलेले फिटर, वेल्डर, सुतार, एका खोलीत सहा-आठ जण राहणारे. फोटो बघून मी कौलं चढवायची, पडवी काढायची, खळ्यात तुळस लावायची. एकाचा गोठा डाव्या हाताला होता तो मी उजव्या हाताला केला, तर तो माणूस फहाहीलहून बस बदलून सांगायला आला. मी त्याच्यासमोर गोठा उचलून डावीकडे ठेवला. तो चहा न पिता बघत बसला.

आता या गावात यायचं कसं, ते सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. आधी माणसाने आमच्या घरी यायचं. मी त्याचं खातं बनवायची, त्याला बाहुलं द्यायची, आणि विचारायची, "पासवर्ड काय ठेवू?" माणूस विचारात पडायचा. मग कुणी म्हशीचं नाव सांगायचा, कुणी बायकोचं, कुणी शेतातल्या कुणग्याचं, म्हणजे भाताच्या वाफ्याचं. ते सगळं मी एका शंभर पानी वहीत लिहून ठेवायची, कारण आठ दिवसांत ते विसरणार हे ठरलेलं होतं. एकाने बायकोचं नाव ठेवलं होतं. सहा महिन्यांनी येऊन त्याने ते बदलून मागितलं. मी बदलून दिलं, विचारलं काही नाही. नवा कुणी आला की मी आधी विचारायची, "कुणाकडचे?" गावात असंच विचारतात. ओळखीतल्या कुणाचं नाव त्याने सांगितलं तर आत, नाही तर नाही.

आणि गाव कायम चालू नसायचं. कॉम्प्युटर तापायचा. एका वेळी पंधरा बाहुली आली की सोळाव्याला सगळं गोठायचं. मी मिक्सर लावला की एक्स्टेन्शन बोर्ड जायचा आणि त्याबरोबर गाव. नारळाचं वाटण लावायचं तर आधी गावातल्या लोकांना बाहेर काढावं लागे. म्हणून पद्धत अशी पडली की ज्याला यायचं असेल त्याने फोन करायचा. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी दहापासून फोन सुरू व्हायचे.

"वहिनी, गाव चालू करा."

मी हात पुसायची, टेबलाखाली वाकायची आणि बटण दाबायची. गाव उठायला सात-आठ मिनिटं लागायची. तोवर फोन करणारा फहाहीलच्या सायबर कॅफेत थांबून राहायचा. मुलगी एव्हाना माझ्याशी इंग्रजीतच बोलायला लागली होती. ती एकदा म्हणाली, "आई, यू आर लाइक अ वॉचमन. अँड यू आर नॉट इव्हन गेटिंग पेड." मी तिला म्हटलं, तू जेव. पण खरं सांगायचं तर मला त्या वॉचमनगिरीची चटक लागली होती. वीस-बावीस घरांतली माणसं माझ्या एका बोटावर घरी जात होती.

या सगळ्यांत एक फिटर काका होते. मालवणकडचे, साठीला आलेले, शुऐबाला पाइपचं काम करणारे. गावात शिमग्याला आणि गणपतीला गाऱ्हाणं घालायचं काम त्यांचं. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला हाक मारून सांगायचं की बाबा, ही तुझी लेकरं, यांचं हे दुखतंय, त्यांचं ते अडलंय, सांभाळून घे. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. काका हेडफोन लावून बोलायचे, आम्ही आपापल्या जागेवरून होकार द्यायचो. त्याआधी मानाचा नारळ. तो नारळ मी बनवला होता. त्यावर क्लिक केलं की फट्कन आवाज होऊन दोन भकलं व्हायची. पहिल्या वर्षी कुणी फोडायचा यावर कुजबुज सुरू झाली, तेव्हा काका म्हणाले होते, "जेच्या घरात गाव, तेचो नारळ. वयनी, फोडा." तेव्हापासून तीन वर्षं तो नारळ मी फोडला. आमच्या खऱ्या गावात बाईच्या हातात मानाचा नारळ कुणी दिला नसता, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर तो मला हवा होता.

मग ती आली.

सबाह अल-सालेमला राहायची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पुण्यात वाढलेली, मूळ घर कणकवलीकडे. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले. ती कुठल्याशा मोठ्या कंपनीत कॉम्प्युटर खात्यात होती. तिच्या अकाम्यावर तिचं स्वतःचं काम लिहिलेलं होतं, आणि गाडीही ती स्वतः चालवायची. मी तिला मनातल्या मनात 'सबाह अल-सालेमची' म्हणायची, अजूनही म्हणते.

खातं काढायला आली तेव्हा ती टेबलाखाली वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. मी कॉम्प्युटरची झाकणं काढून ठेवली होती आणि समोर छोटा टेबलफॅन लावला होता, तो तापू नये म्हणून.

"अहो वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही हे सगळं एकटीने केलंत?"

मला बरं वाटलं. मी तिला दुसरी पुरणपोळी वाढली. ती खाताना ती म्हणाली, "हे सगळं क्लाउडवर टाकलं ना, तर तुमचा त्रास वाचेल. कुठेतरी दूरच्या देशातले कॉम्प्युटर असतात, ते भाड्याने मिळतात. कुणी आलं की गाव आपोआप उठतं, कुणी नसलं की झोपतं. आणि लोकांना वेगळा पासवर्ड पण नको. ती फोटो टाकायची साइट आहे ना, जिथे सगळे असतात, तिथल्याच खात्याने आत यायचं. एक क्लिक."

त्रास! मला त्रास होतो असं हिला कुणी सांगितलं? मी म्हटलं, "बघू." पुरणपोळीवर तूप वाढायचं होतं, ते मी वाढलं नाही.

त्या वर्षी डिसेंबरात मी पुतणीच्या लग्नाला महिनाभर गावी गेले. अर्थात गाव बंद. मी कुलूप लावल्यासारखा कॉम्प्युटर बंद करून गेले होते. परत आले तेव्हा विमानतळावरून येताना गाडीत नवरा म्हणाला, "अगं, ती सबाह अल-सालेमवाली आली होती. लोकं फार मागे लागली होती म्हणे, गाव बंद आहे, गाव बंद आहे. तिने फाइल मागितली, मी दिली कॉपी करून."

"दिली?"

"कॉपीच तर दिली. तुझं तुझ्याकडे आहेच की."

हा माणूस वीस वर्षं पेट्रोकेमिकलच्या प्लांटमध्ये सुरक्षेचे नियम शिकवत होता, आणि घरातली सगळ्यात मोलाची वस्तू त्याने चहाच्या कपावर देऊन टाकली. मी एगैला येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. पुढेही दोन दिवस बोलले नाही.

घरी येऊन मी मुलीच्या लॅपटॉपवर तिचं गाव पाहिलं. माझंच होतं. माझी कौलं, माझा व्हाळ, डाव्या हाताचा गोठा. पण क्लिक केल्याबरोबर अर्ध्या मिनिटात उघडलं. गुरुवारची संध्याकाळ होती आणि आत एकतीस माणसं होती. एकतीस! मी मोजली. कुणी दुबईहून आलेलं, कुणी मस्कतहून, कुणी तर थेट कुडाळहून. कुणाकडचे म्हणून विचारायला कुणी नव्हतं. ज्याच्याकडे त्या साइटवरचं खातं तो आत. बाहुल्यांच्या डोक्यावर त्यांचे खरे फोटो आणि पासपोर्टवरची नावं तरंगत होती. इतकी वर्षं ज्याला मी 'गोठेवाले' म्हणत होते, त्याचं खरं नाव मला त्या दिवशी कळलं. तेही तिच्यामुळे.

"हर्स लोड्स फास्टर," मुलगी म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या शुक्रवारी मी दहा वाजता हात पुसून फोनजवळ बसले. फोन आला नाही. अकरा वाजता आला तो राँग नंबर. बारा वाजता मी टेबलाखाली वाकून बटण दाबलं, सात-आठ मिनिटांनी माझं गाव उठलं, आणि त्यात मी एकटी उभी होते. मिक्सर लावायला आता काहीच हरकत नव्हती, म्हणून मी वाटण लावलं. बोर्ड गेला, गाव गेलं, आणि कुणालाही ते कळलं नाही.

मला तिचा हेवा वाटत होता, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. मी म्हणायची, तिच्या गावात शिस्त नाही. मी म्हणायची, आपली घरं परक्या देशातल्या मशीनवर ठेवायची म्हणजे काय, उद्या बंद पडलं तर? मी म्हणायची, पासवर्ड माणसाने आठवून ठेवावा, त्यात काहीतरी आपलं असतं. सगळं खरं होतं. पण यातलं एकही कारण खरं कारण नव्हतं. खरं कारण, तिने एक बटण बनवलं होतं आणि ते माझं काम माझ्याहून बरं करत होतं.

फेब्रुवारी सरता सरता तिचाच फोन आला. आवाज ऐकून मी घसा साफ केला.

"वहिनी, एक मागायचं होतं. शिमग्याचं गाऱ्हाणं आता आमच्याकडे... म्हणजे नव्या गावात करू या असं काका म्हणतायत. पण देऊळ नाहीये. भाऊजींनी जी फाइल दिली त्यात देऊळच नव्हतं."

नसणारच. मी कळसाचं काम करत होते, म्हणून देऊळ उचलून वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवलं होतं. चार महिने मी त्याचे चिरे एकेक करून बसवले होते. पायरीवर क्लिक केलं की चपला काढून ठेवल्या जायच्या, इतकं बारीक काम.

"अगं, ती फाइल उडाली," मी म्हटलं. "ड्राइव्ह खराब झाला."

मग ती म्हणाली, "अरेरे. इतकं सुंदर होतं. असू द्या वहिनी, तुम्ही मात्र या हं शिमग्याला. तुमच्याशिवाय कसं?"

फोन ठेवून मी पेन ड्राइव्ह घेतला आणि रव्याच्या डब्यात खुपसला. आमच्या घरात रव्याच्या डब्यात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

तुमच्याशिवाय कसं! मी त्या वाक्यावर आठ दिवस जळत होते. म्हणजे मी पाहुणी म्हणून जायचं, तिच्या दारात 'या या' ऐकायचं, आणि नारळ ती फोडणार. काकांचाच नियम, जेच्या घरात गाव, तेचो नारळ. गाव आता तिच्या घरात होतं, किंवा कुठल्याशा दूरच्या देशात होतं, पण माझ्या टेबलाखाली नक्की नव्हतं. मला एवढंच बघायचं होतं की ती नारळ हातात घेते की नाही. घेतला असता तर मला आयुष्यभर पुरेल इतका राग मिळाला असता.

पण माझ्या नावाने जाऊन ते बघायची माझी तयारी नव्हती. मी मुलीला म्हटलं, मला त्या साइटवर दुसरं खातं काढून दे. दुसऱ्या नावाने.

"व्हाय?"

"काढ म्हटलं ना."

"आई, धिस इज सो लेम," ती म्हणाली, पण तिने दोन मिनिटांत काढून दिलं. मला तीन वर्षं माणसांना आत घ्यायला चहा करावा लागत होता, आणि इथे नसलेल्या बाईचं खातं दोन मिनिटांत निघालं. फोटोच्या जागी मी जास्वंदीचं फूल लावलं. नाव माझ्या आजोळच्या आडनावावर बेतलं, जे कुवेतमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं.

शिमग्याच्या आठवड्यातला शुक्रवार. दुपारचे चार. बाहेर धूळ उठली होती, खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. मी जेवणाची भांडी तशीच ठेवून मुलीचा लॅपटॉप घेऊन बसले. मुलगी शेजारी अभ्यास करायचं नाटक करत होती.

क्लिक केलं आणि मी आत. वेशीवर कुणी नाही, कुणी विचारलं नाही. व्हाळावरून पुढे गेले. साठ-सत्तर बाहुली तरी जमली होती, आणि एकही अडखळत नव्हतं. माझ्याकडे सोळावं माणूस आलं की सगळ्यांचे पाय जमिनीत रुतायचे. इथे लोक मजेत इकडून तिकडे जात होते. देवळाची जागा मोकळी होती. नुसती तांबडी माती, आणि मधोमध एक काळा दगड उभा केला होता. त्यापुढे नारळ. त्या जागेतून लोक सरळ चालत पलीकडे जात होते. जिथे माझा गाभारा होता तिथे एक मस्कतवाला उभा राहून कुणाला तरी मेसेज टाइप करत होता. मला ते बघवेना. मी माझं बाहुलं पायरीपाशी थांबवलं, म्हणजे जिथे पायरी असती तिथे, आणि कडेने जाऊन बाकीच्यांच्या मागे उभी राहिले.

फिटर काका दगडाजवळ होते. त्यांच्या डोक्यावर बताक्यावरचा, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावरचा, फोटो होता. त्यात ते पोलिसाने पकडल्यासारखे दिसत होते. खोलीतल्या कुणीतरी त्यांना खातं काढून दिलं असणार. इतकी वर्षं त्यांचा पासवर्ड माझ्या वहीत होता. ती वही आता काय करायची, असा एक विचार मध्येच मनात येऊन गेला.

हेडफोनमधून त्यांचा आवाज आला. "सगळी इली मां? मग नारळाचा बघूया."

मी पुढे वाकले. सबाह अल-सालेमची त्यांच्या बाजूलाच होती, डोक्यावर हसरा फोटो. आता, मी मनात म्हटलं, आता घे.

"वहिनी आल्या का?" तिने विचारलं. "नारळ वहिनींचा आहे. त्यांची वाट बघू या."

लोक इकडेतिकडे बघायला लागले. कुणीतरी लिहिलं, आल्या नाहीत वाटतं. कुणी लिहिलं, फोन करा. आणि खरंच माझ्या मागे, हॉलमध्ये, फोन वाजायला लागला. दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदा शुक्रवारी त्या गावासाठी माझा फोन वाजत होता, आणि मला उठता येत नव्हतं. उचलला असता तर काय सांगणार होते? मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला डोळ्यांनी दटावलं. फोन वाजून वाजून थांबला.

"उचलत नाहीत," सबाह अल-सालेमची म्हणाली.

काकांनी घसा खाकरला. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं असावं, कारण त्यांचं बाहुलं माझ्याकडे वळलं. "ती जास्वंदीवाली कोण? नवीन दिसता. कोणाकडची गो तू?"

साठ-सत्तर बाहुली वळून बघत होती. त्या गावात तो प्रश्न विचारायचा हक्क माझा होता, आणि आता तो मलाच विचारला जात होता. बोलले असते तर आवाज ओळखला असता, म्हणून मी टाइप करायला घेतलं. एखादं खोटं नाव घ्यायचं तर ते कुणाचं? सगळे तिथेच उभे होते. ज्याचं नाव घेईन तो म्हणणार, आमच्याकडची नाही. तिथे नसलेलं घर एकच होतं. मी लिहिलं, 'वहिनींकडची.'

"मगे झाला!" काका म्हणाले. "वयनी नाय तर तिच्या घरचा माणूस तरी इला. ये गो बाय, फुडे ये. नारळ तूच फोड."

लोकांनी वाट करून दिली. मी पुढे गेले. सबाह अल-सालेमची बाजूला सरकली, आणि मी माझ्याच नारळावर, माझ्याच घरची पाहुणी म्हणून क्लिक केलं. फट्कन आवाज आला. दोन भकलं झाली. तो आवाज मी किती वेळा घासूनपुसून बसवला होता!

मग काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बारा पाचाच्या देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा आपली घरादारा सोडून ह्या वाळूत येवन पोट भरतत. तेंका सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हेडफोनमध्ये साठ आवाज एकदम आले. माझ्या गावात एवढा आवाज कधीच झाला नव्हता. पंधरा माणसांचा होत नाही.

"जेंचे अकामे अडकले हत, तेंका मोकळे कर. जेंची लगीनकार्या हत, ती सुखान पार पाड. आणि ज्या वयनीन आमका ह्या गाव दिल्यान, ती आज इली नाय. तिचा काय चुकला नाय, आमचाच चुकला आसात. तिका न इचारता आम्ही घरा उचलली. तिचो राग आसात तो तू पोटात घाल, आणि तिका आमच्यात परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुझा देवाळ हरावला हा, ता गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी टाइप केलं. काय करणार? देऊळ सापडू दे म्हणून सगळेच होकार देत होते. जास्वंदीच्या फुलाखाली माझी अक्षरं उमटली, होय महाराजा. रव्याचा डबा माझ्यापासून दहा पावलांवर होता.

"आई," मुलगी हळूच म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मराठीत, "तू रडतेयस?"

मी लॅपटॉप मिटला. स्वयंपाकघरात गेले, डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पेन ड्राइव्ह बाहेर काढला. साडीला रवा पुसला. जास्त विचार केला असता तर तो परत डब्यात गेला असता, हे मला माहीत होतं, म्हणून तशीच फोनपाशी गेले आणि सबाह अल-सालेमचा नंबर फिरवला.

"देऊळ सापडलं," मी म्हटलं. "दुसऱ्या एका ड्राइव्हवर होतं."

"अरे वा," ती म्हणाली. मागे अजून लोकांचे आवाज येत होते. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली असावी, कारण आवाज बारीक झाले. "गाऱ्हाण्याला दहा मिनिटं नाही झाली, वहिनी. पाहुणीने निरोप दिला का?"

"हो. तिचा फोन आला होता."

"छान आहे पाहुणी तुमची." ती म्हणाली. "सगळे जण त्या मोकळ्या जागेतून सरळ चालत आले, वहिनी. ती एकटी पायरीपाशी थांबली आणि भिंतीला वळसा घालून आली. तिथे भिंत नव्हती."

चार महिने चिरे बसवताना त्या गाभाऱ्यातून चालत जायची माझ्या हाताला सवयच नव्हती. देऊळ मी लपवलं होतं, आणि तरी मी त्याच्यातून जाऊ शकले नव्हते.

"उद्या मी येते घ्यायला," ती म्हणाली. "चहा ठेवा. आणि बसवायचं कसं ते मात्र तुम्हीच दाखवा, मला नाही जमणार."

तिला जमलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं, आणि ते तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

देऊळ बसलं. पुढे दोन वर्षं त्या गावात मी माझ्या नावाने गेले, नारळही फोडला. मग लोक पांगले, काका कंत्राट संपवून मालवणला गेले, फोनवरच सगळं दिसायला लागलं आणि ते गाव एक दिवस उठायचं थांबलं. आता आठवतं तेव्हा तिच्या क्लाउडचं किंवा त्या एका क्लिकचं मला काही वाटत नाही. ते कुणालाही जमलं असतं. पण त्या दुपारी साठ माणसांत उभं राहून तिने मला ओळखलं, आणि तिने कुणाला सांगितलं नाही. काकांनासुद्धा नाही. तिच्या जागी मी असते तर पहिल्या पावलालाच सगळ्यांना ओरडून सांगितलं असतं. तिचा मला आजही हेवा वाटतो तो एवढ्याचसाठी.